शिवलेली करंडी

ज्या माणसाने तुमचा माल कधी उघडून बघितला नाही, त्याला तुम्ही भाव आधी सांगायला लावाल का?

पटकन उत्तर देऊ नका. मी पटकन दिलं होतं. 'लावणारच, हक्कच आहे आपला!' असं मी आमच्या ओटीवर उभा राहून ओरडलो होतो. ते उत्तर चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण बरोबर होतं असं म्हणायला गेलो की जीभ अडखळते.

आमची वाडी वसईच्या समुद्राकडच्या बाजूला. केळी होत्या, कडेने सुपारी होती, पण घर चालायचं ते खायच्या पानांच्या वेलींवर. पानाचं दुखणं असं की ते खुडलं की थांबत नाही. केळीचा घड चार दिवस कोपऱ्यात ठेवता येतो, पान नाही. ते त्याच दिवशी ओल्या केळीच्या पानात गुंडाळून करंडीत भरायचं, करंडीचं तोंड सोपटाच्या, म्हणजे केळीच्या वाळलेल्या सालीच्या, दोरीने शिवायचं आणि विरार स्टेशनावर मालाच्या डब्यात चढवायचं. तिथून ते कुठल्या कुठे उत्तरेला जायचं. आम्ही ती गावं कधी बघितली नाहीत.

बघितला होता तो फक्त व्यापारी. आमच्या आळीतल्या सगळ्या वाड्यांची पानं तो एकटा घ्यायचा. त्याच्या आधी त्याचा बाप घ्यायचा. तो आला की ओटीवर बसायचा. आई पाणी आणि सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पुढे ठेवायची. मग बाबा वाडीत जाऊन वेलीवरून एक पान खुडून आणायचे, पंच्याला पुसायचे आणि त्याच्या हातावर ठेवायचे. चुना नाही, कात नाही, नुसतं पान. तो डोळे मिटून चावायचा आणि म्हणायचा, "ठीक है भाऊ." झाला सौदा. भाव तेव्हा ठरायचाच नाही. माल तिकडे विकला गेला की त्याचा माणूस यायचा, पैसे द्यायचा आणि भाव काय लागला ते सांगायचा. आमच्यातलं कोणी त्यावर प्रश्न विचारायचं नाही. आणि त्यानेही आमच्या करंडीची शिवण आमच्यासमोर कधी उसवली नाही.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे नावाला. खरा असायचो विरार पूर्वेला मनवेलपाड्याच्या एका चाळीत. तिथे आमच्या मंडळाची खोली होती, पत्रकं छापायचं हाताने फिरवायचं यंत्र होतं, आणि माझ्या नखांतली शाई कधी जायची नाही. मी जे काही शिकलो ते पत्रकांतून. भाव ठरवायचा हक्क पिकवणाऱ्याचा, हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा छापलं होतं की ते मला झोपेतही दिसायचं. आणि घरी काय, तर बाबा पान पुसून देतात आणि तो डोळे मिटतो! मला हे नाटक सहन होईना.

"तो सांगेल तो भाव खरा कशावरून?" मी बाबांना विचारलं.

"आणि मी भरलेली करंडी खरी, हे त्याला कशावरून?" बाबा म्हणाले.

"तुमची करंडी खरीच असते."

बाबा दोरीला पीळ देत बसले. आई आतून म्हणाली, "लेकाला सांगा, तुझ्या पत्रकात गुंडाळून पाठव पानं. तिकडे खपली तर खपली."

(आम्ही घरात आमच्या वाडीच्या बोलीत बोलायचो. इथे मी ते सरळ मराठीत लिहितो आहे. बोलीत आईचा टोमणा याहून दुप्पट लागायचा.)

तरी मी आळीतल्या लोकांना तयार केलं. शेजारच्या वाडीतले काका सर्वांत आधी तयार झाले, कारण त्यांना कुठल्याही भांडणात पहिलं असायला आवडायचं. ठरलं असं की व्यापाऱ्याने माल उचलायच्या आधी भाव सांगायचा, नाहीतर पान मिळणार नाही. यात धोका होता आणि तो आम्हाला माहीत होता. तो उठून गेला असता तर आळीतली पानं वेलीवर पिवळी पडली असती, आणि आमच्या घरात दुसरं काही उत्पन्न नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "बोलणी तू करणार आहेस, पण वेली माझ्या आहेत हे ध्यानात ठेव."

बोलणी कुठे करायची हे मी ठरवलं. ओटीवर नाही. ओटीवर तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याशी भांडता येत नाही. म्हणून मनवेलपाड्याची खोली. टेबल, खुर्च्या, दोन्ही बाजू समोरासमोर. मला त्या टेबलाचा फार अभिमान वाटला होता.

त्या दिवशी आमची शिवलेली करंडी घेऊनच बाबा आले, कारण स्टेशन तिथून जवळ. करंडी दाराशी ठेवली. काका आणि आणखी काही वाडीवाले भिंतीला टेकून उभेच राहिले. खुर्च्या होत्या, पण कोणी बसेना. मी बसलो आणि व्यापारी बसला. बाबा शेवटी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. मी नीट बघितलं तर मुठीतून पानाचा देठ बाहेर आला होता. ते घरून पान खुडून घेऊन आले होते, पण इथे ते द्यायचं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. घर त्यांचं नव्हतं. मग पाहुणा कोण आणि यजमान कोण?

मला ते दिसलं आणि मी बोलायला सुरुवात केली. भाव आधी सांगा. भाव चारचौघांत सांगा. मागाहून आलेला भाव आम्हाला मान्य नाही.

व्यापारी ऐकत होता. त्याचं मराठी आमच्या आळीतच तयार झालं होतं, अधूनमधून हिंदी यायची. मला वाटलं तो चिडेल. तो हसला.

"लीडरसाहेब, मंजूर."

काका भिंतीपासून सुटून पुढे आले. "मंजूर म्हणजे?"

"मंजूर म्हणजे मंजूर. भाव मी आधी सांगीन. माल बघून." त्याने दाराकडे बोट केलं. "करंडी उघडा."

काका उसळले. "करंडी उघडा? आमची करंडी? तुझ्या बापाने कधी उघडली नाही!"

"माझा बाप तुमच्या ओटीवर बसत होता, काका. तुमचं पाणी पीत होता. मीपण पितो. ज्याच्या घरी पाणी प्यालो, त्याला मी करंडी उघड म्हणू? शरम नाही का मला?" त्याने टेबलावर हात ठेवला. "इथे पाणी नाही, पान नाही. इथे मी कुर्सीवर, तुम्ही कुर्सीवर. मग उघडा."

"चला रे," काका म्हणाले. "चोर समजतो हा आपल्याला. चला!"

मी गोंधळलो. मला काकांच्या बाजूने उभं राहायचं होतं, पण माझं प्रत्येक पत्रक व्यापाऱ्याच्या बाजूने बोलत होतं. दोन्हीकडचं उघडं असलं पाहिजे, असंच ना? मग तो काय चुकीचं मागत होता? मी काकांना म्हणालो, "काका, त्याचं म्हणणं..."

"तू गप रे. तूच आणलंस ना आम्हाला ह्या खुर्च्यांत?"

तेवढ्यात बाबा उठले. मुठीतलं पान त्यांनी टेबलावर ठेवलं, माझ्या कागदांवर. कमरेचा कोयता काढून ते दाराशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची करंडी उसवली.

वरचा थर सुरेख होता. रुंद, गर्द, एकसारखी पानं. मी मान ताठ केली. बाबांनी तो थर अलगद उचलून बाजूला ठेवला आणि ते मागे सरकले. मधली पानं लहान होती. काही आखूड देठाची, काहींना किड्याने भोकं पाडलेली. खालचा थर पुन्हा चांगला.

काका छताकडे बघायला लागले. भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्यांनाच एकदम कुठेतरी दुसरीकडे बघायचं होतं. तेव्हा मला समजलं की प्रत्येकाच्या करंडीला मधला थर आहे, आणि हे न कळलेला त्या खोलीत मी एकटाच आहे.

मला वाटलं, संपलं. आता हा उठणार. पण व्यापाऱ्याने एक भोक पडलेलं पान उचललं, उजेडात धरलं आणि परत ठेवलं.

"मालूम आहे, भाऊ," तो म्हणाला. "माझ्या बापालापण मालूम होतं. म्हणून तर भाव मागाहून. मधल्याचं थोडं कापून सांगायचं."

"तू कापतोस ते मलाही माहीत आहे," बाबा म्हणाले. "म्हणून तर मध्ये घालतो."

"तुम्ही घालता म्हणून मी कापतो."

"तू कापतोस म्हणून मी घालतो."

आणि ते दोघं हसले! मोठ्याने नाही, पण हसले, जुन्या मित्रांसारखे. मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना फसवत होता?"

"फसवत कसले?" बाबा म्हणाले. "त्याला माहीत, मला माहीत. मग फसलं कोण?"

मी आजवर ह्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. आधी कापणं सुरू झालं की आधी मधला थर? दोघांनाही सांगता येईना. त्यांच्या बापांच्या वेळचं होतं ते.

व्यापारी उठला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "लेकिन भाऊ, आता उघडली ना. चार लोकांत उघडली. आता मला माहीत नाही, असं मी नाही म्हणू शकत. उघडी करंडी तर उघडा भाव, आणि मधलं पान मी घेणार नाही. बंद तर बंद. बोला."

काका आणि बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी बाबांकडे. मधलं पान घेतलं नाही तर वाडीतलं कितीतरी पान घरीच सडणार. आणि बंद ठेवली तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

"उद्या ओटीवर या," बाबा म्हणाले. "इथे मला विचार करता येत नाही."

तो दुसऱ्या दिवशी आला. मला खात्री नव्हती, पण आला. आईने पाणी ठेवलं, सुकेळी ठेवली. काका कुंपणापलीकडे केळी साफ करत असल्याचं सोंग घेऊन उभे होते. बाबा पान आणायला उठले नाहीत. ते म्हणाले, "आज तुम्हीच तोडा. कुठलंही."

व्यापारी मग चपला काढून वाडीत गेला, पाटाच्या कडेकडेने, वेलींमधून. बराच वेळ दिसला नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक लहानसं पान होतं, कडेला भोक असलेलं. असलंच पान त्याने का निवडलं? बाबांना लाजवायला? की 'हेही मी खातो' हे सांगायला? त्याने डोळे मिटून ते चावलं.

"ठीक है भाऊ."

भाव? मी ओटीवरच उभा होतो. भाव कोणी बोललं नाही. मी तोंड उघडलं तर आईने माझ्या हातात तांब्या दिला, म्हणाली, "विहिरीवर जा."

त्या दिवशीची करंडी बाबांनी माझ्यासमोर शिवली. ती स्टेशनावर गेल्यावर मी विचारलं, "मध्ये काय घातलंत?"

"तू होतास ना शिवताना?"

होतो. पण मी दोरीकडे बघत होतो.

पुढच्या वेळी त्याचा माणूस आला तेव्हा भाव थोडा चढून लागला होता. मी धावत काकांकडे गेलो. काका म्हणाले, "ह्या खेपेला सगळ्यांनाच चढून लागलाय. तिकडे पान कमी आहे म्हणे." म्हणजे आमच्या बोलण्यांमुळे की पान कमी म्हणून? की बाबांनी मधला थर खरोखरच बदलला होता? आणि बदलला असेल तर काकांनाही तोच भाव कसा? मी बाबांना पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असंही वाटतं. आणि तेच नको वाटतं.

मनवेलपाड्याच्या खोलीत, त्या दिवशीच्याच कागदांतला एक घेऊन, मी ह्या सगळ्यावर पत्रक लिहायला बसलो. 'शोषण' हा शब्द लिहिला आणि कोणाचं ते लिहिताना हात थांबला. 'विश्वास' लिहिला, तर डोळ्यांसमोर भोकं पडलेली पानं आली. तो अर्धा कागद अजून खोलीत टेबलावर आहे. त्याच्यावर बाबांनी ठेवलेल्या पानाचा ओला डाग वाळून तपकिरी झाला आहे.

मला आजही वाटतं की भाव आधी कळला पाहिजे. ह्यावर मी कोणाशीही वाद घालीन. पण आमच्या बाजूने मी मागितलं ते एवढंच, की त्याने त्याचं उघडं करावं. आमची करंडी दाराशी शिवलेलीच होती.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. ह्या महिन्यात कधीतरी तुम्ही कोणाशी तरी सौदा कराल, भाजीवाल्याशी, घरमालकाशी, कारखान्याच्या मालकाशी, कोणाशीही. त्याला त्याचं उघडायला सांगायच्या आधी, एकदा तुमची करंडी तुम्हीच त्याच्यासमोर उसवा. मधल्या थरापर्यंत. मग तो काय करतो ते बघा, आणि मला येऊन सांगा. माझा कागद त्याच्यासाठीच अर्धा राहिला आहे.