अथेन्सजवळचं मेनिडी

शेजारच्या ग्रीक बाईंना आम्ही घरात भरीतवाल्या काकू म्हणतो. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात, ज्याच्या त्याच्याकडे गॅसची ग्रिल, पण ह्यांना लाकडी कोळसाच हवा. माझी वांगी त्यांच्याच शेगडीवर भाजली जातात, आणि काय तो वास, अहाहा!

तर आमचा लायब्ररीत म्हाताऱ्यांचा गट आहे. दर गुरुवारी एकाने आपल्या गावाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. काकूंची पाळी आली आणि बाई लागल्या टाळायला.

"माझं नाव काढून टाका. मी अथेन्सची. अथेन्स सगळ्यांना ठाऊक आहे, नवीन काय सांगू?"

"अथेन्स की अथेन्सजवळ?" मी लगेच पकडलं. मीही इथे पुणे सांगते, गाव आहे पार शिरूरच्या पुढे!

"जवळ," त्या पुटपुटल्या. "मेनिडी. नुसती धूळ आणि ट्रक. कोण ऐकणार?"

मला कुठली चैन पडायला! लायब्ररीतल्या मुलीने जाडजूड पुस्तक काढून दिलं. ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. मेनिडी म्हणजे जुनं अखार्ने, अथेन्सच्या राज्यातलं मोठं नावाजलेलं खेडं. माणूस कुठेही राहायला गेला तरी नावापुढे बापाचं गाव लागायचंच, अगदी आपल्यासारखं. आणि तिथले लोक डोंगरावर करायचे काय? कोळसा पाडायचे! मी ओरडलेच. मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

तशीच बर्फातून काकूंच्या दारात. "अहो, तुमच्या कोळशाला हजारो वर्षं झाली! पुस्तकात आहे!"

त्या हसल्याच नाहीत. "माझे आजोबाही कोळसाच पाडायचे. शाळेत मुली मला 'काळे हात' म्हणायच्या. म्हणून तर मी अथेन्स सांगते."

 मी म्हटलं, "गुरुवारी बोलायला उठला नाहीत, तर तुमच्या वाट्याचं भरीत बंद. सांगून ठेवते."

गुरुवारी उठल्या. हातात लिहून आणलेला कागद होता. तो त्यांनी सरळ पर्समध्ये कोंबला आणि रुमाल सोडून त्यातला कोळशाचा तुकडा बाहेर काढला. "मी मेनिडीची," म्हणाल्या, आणि तो शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांच्या हातात दिला. आपल्या आजोबांचं गाव, आजोबांचा डोंगर, भट्टीची राखण, सगळं सांगत होत्या. पाच मिनिटांची वीस झाली. तुकडा खोलीभर फिरून माझ्याकडे आला.

"आता दाखवा हात," काकू म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी दाखवले. एकही हात गोरा नव्हता. काकू डोळे पुसायला गेल्या आणि गालही काळा करून बसल्या.