लवंगेच्या तेलाची बाटली

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. त्यांचा हा एकच डोळा उरलेला. दुसरा काचबिंदूनं कधीच गेला होता. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे, डोक्यावरून पाणी घेऊ द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही, सगळं माझ्याच माथी. नवरा शाळेवर शिकवायला जाताना 'आईचं बघ' एवढं म्हणायचा. जसं काही एरवी मी टीव्ही बघत बसते.

दाताच्या डॉक्टरकडं जायला सवड कुठली. शेवटी उमरग्याच्या बाजारात अत्तर-तेलाच्या दुकानातून लवंगेचं तेल घेतलं. तिथं ते सुट्टं मिळतं, बाटली आपली न्यायची. मी सासूबाईंच्या ऑपरेशनच्या आधीच्या थेंबांची रिकामी झालेली बाटली धुऊन नेली होती. बाटली टाकून द्यायची रीत आमच्या घरात नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, यावर चिठ्ठी चिकटवा. आणि नुसतं लावू नका, हिरडी भाजती. खोबरेलात मिसळून कापसानं लावा." मी व्हय व्हय म्हणाले. चिठ्ठी कोण चिकटवतंय. त्या बाटलीनं थेंब नेमका कापसावर पडायचा, याचंच मला कौतुक.

तेलाची ही आणि थेंबांची चालू, दोन्ही सारख्याच बाटल्या एकाच फळीवर होत्या. चौथ्या दिवशी दुपारी ठणक्यानं मी बेजार झाले होते. सासूबाईंना आडवं केलं, पापणी वर केली आणि थेंब टाकला. वास आला तोवर उशीर झाला होता.

"लई झोंबतंय गं," म्हणत त्या डोळा चोळायला गेल्या. मी हात धरून ठेवला आणि तांब्यानं पिण्याचं पाणी डोळ्यावर ओतत बसले, चांगला पाव तास. आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते. म्हातारीला आपण आंधळं केलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रिक्षानं उमरग्याला नेलं. नवरा शाळेतून थेट दवाखान्यात आला. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी टाकलं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "म्याच टाकलं. दिसलं न्हाय मला."

नवरा तिथंच त्यांच्यावर खेकसला. "तुला किती वेळा सांगितलं, बाटलीला हात लावू नको म्हणून." त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मी खरं सांगायला पाहिजे होतं. आणखी बोलणी खायची ताकद नव्हती अंगात, म्हणून गप्प बसले. आणि सुटल्यासारखं वाटलं, त्याची लाज अजून वाटते. तो औषधं आणायला गेला तेव्हा विचारलं, "आत्या, असं का सांगितलंत?"

"मला बोलून बोलून किती बोलंल त्यो. लेकच हाय."

पंधरा दिवसांनी दिसायला लागलं. थोडं धूसर, पण दिसतं. तेल आता नाव लिहिलेल्या काचेच्या बाटलीत, कुलपाच्या कपाटात असतं. येईल त्या पाहुण्याला नवरा आईचा वेंधळेपणा सांगतो आणि म्हणतो, "आता थेंब हिच्याशिवाय कुणी टाकायचे नाहीत." सासूबाई ऐकून घेतात. मग दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवतात, आणि मी बाटली जवळ आणली की डोळा गच्च मिटून घेतात. पापणी मला बोटानं उघडावी लागते.