घोणस, अजगर आणि खरवस

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नंतर आली, आधी पत्रकं आली. हुंड्याविरुद्ध, गुटख्याविरुद्ध, भोंदू बाबांविरुद्ध. बाबा ती लिहायचे, छापून आणायचे आणि जयंतीला स्टॉलवर वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मला पूर्णविरामाच्या आधी उद्गारचिन्ह यायला लागलं.

एक पत्रक सर्पदंशावर होतं, ते आम्ही दोघांनी मिळून लिहिलं होतं. मुलुंडला आमची बिल्डिंग डोंगराला टेकून आहे, साप कुंपणाच्या आत येतातच. चित्रं बाबांनी स्वतः काढली होती. प्रूफ बघून मी म्हणाले, "बाबा, घोणस आणि अजगर सारखेच दिसतायत."

"खाली नावं आहेत ना? लोकांना वाचता येतं."

मग एका रविवारी सकाळी बाबा स्लिपर घालून आवारातलं गवत कापत असताना त्यांच्या पायाला साप चावला. त्याच्या खाली नाव नव्हतं.

"अजगराचं पिल्लू," बाबा खाली बसत म्हणाले.

मी खिडकीतून ओरडा ऐकून खाली पोचले तेव्हा तो भिंतीकडे सरकत होता. पाठीवर साखळीसारखे ठिपके, आणि फुत्कार असा की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी अडकलीय. "घोणस आहे, बाबा!"

"अजगर."

"घोणस!"

शेजारच्या मालवणी काकू ओढणी घेऊन धावत आल्या. "भाऊ, पाय पुढे करा, घट्ट बांदूया. ईख वर चढता!"

माझं डोकं फिरलं. "चढायला विष काय लिफ्टने जातं? बांधलं तर पाय सडेल! कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाचं तर नावसुद्धा..."

"गो बाय, भाषण मागीर कर. आदी रिक्षा बोलव!"

हे मात्र पत्रकाला धरूनच होतं. बाबांना एक पाऊलही चालू न देता आम्ही रिक्षात बसवलं. काकू आपणहून आत घुसल्या. वाटेत पाय कणकेच्या गोळ्यासारखा फुगला, तरी बाबांचा अजगर काही हटेना.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी बाबांचं रक्त काढून काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. घोणस असेल तर विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. मग हे पातळच राहील."

"म्हणजे खरवसासारखा," काकू म्हणाल्या. "थिजला तर बरा."

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पत्रक त्यांनीच छापलंय.

आम्ही नळीकडे बघत बसलो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रक्त गोठलं तर बाबा जिंकणार. न गोठलं तर मी. जन्मात पहिल्यांदा मला मनापासून हरायचं होतं. 'घाबरू नका!' हे वाक्य त्या पत्रकात मोठ्या टायपात घालायला मीच लावलं होतं, आणि आता मीच दर मिनिटाला घड्याळ बघत होते. अजगर असू दे, मी मनात म्हणत होते. आजोबा अजगर असला तरी चालेल.

डॉक्टरांनी नळी हळूच कलती केली. रक्त कोकम सरबतासारखं या कडेहून त्या कडेला गेलं.

"घोणस," त्या म्हणाल्या. मी जिंकले, आणि मला रडू कोसळलं. तेवढ्यात बाबांच्या हिरड्यांतून रक्त दिसायला लागलं. विष आतल्या बारीक रक्तवाहिन्याही फाडतं, हे मी स्वतः त्या पत्रकात लिहिलं होतं. लिहिताना किती सोपं वाटलं होतं ते वाक्य!

प्रतिविषाची सलाइन लागली. बाबा डोळे मिटून पडले, एकदाही वाद न घालता. आमच्या घरात याहून भयंकर लक्षण नाही.

औषध लागू पडलं का ते बघायला संध्याकाळी दुसरी नळी भरली. काकू अजून घरी गेल्या नव्हत्या, आणि मला त्या हव्या होत्या. वेळ झाल्यावर डॉक्टरांनी नळी कलती केली. काही हललं नाही. पूर्ण उलटी केली. तरी नाही.

"थिजला!" काकू ओरडल्या. "वड्या पाडा आता!"

बाबांनी एक डोळा उघडला. "गोठलं ना?" त्यांचा आवाज खोल गेला होता. "म्हणजे अजगरच."

मी डोळे पुसले आणि तिथेच, भर वॉर्डात, नर्स धावत येईपर्यंत त्यांच्याशी कडाकडा भांडले.