ताईचा धूसर हात

माफ करा, घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून लिहिण्याचं धाडस करतोय. पनवेलच्या बाजारात मोगऱ्याचा वास आला की ताईचं ओटीभरण आठवतं. मासेमारीच्या बोटीवर गेलेल्या भावोजींना तिचा फोटो पाठवायचा होता. उजेडासाठी मी ताईला दारात बोलावलं, तर "पोटुशीनं तिन्हीसांजेला दारात उभं रावायचं नाय," आई म्हणाली. घरातल्या अंधुक उजेडात माझ्या हातून फोटो हलायचे, फ्लॅशने चेहरा पांढराफटक व्हायचा. शेवटी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून टायमर लावला. "श्वास रोखून बस." "आरं, पोटातला ऐकेल का तुजं?" हसून ताई स्थिर बसली. चेहरा स्पष्ट आला; पोटावरचा हात तेवढा धूसर, कारण बाळाने लाथ मारली होती. "हाच पाठव," ती म्हणाली. बोट रेंजमध्ये आली की भावोजींना दिसणार होता. माझ्या फोनमध्ये त्या फोटोखाली अजून एकच टिक आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच बोट बुडाल्याची बातमी आमच्यापर्यंत पोहोचली.