इंग्रजीतला पाऊस

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरावीला होतो. मॅट्रिकच्या इंग्रजीत पावसाळी दिवसावरचा निबंध हमखास यायचा, म्हणून सरांनी तो फळ्यावर लिहून दिला आणि आम्ही पाठ केला. त्यात छत्र्या होत्या, कागदी होड्या होत्या, शाळेला मिळालेली सुट्टी होती. बाहेर शाळेची विहीर कोरडी पडली होती आणि अर्धा वर्ग दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. पाऊस नाही याचा मला राग नव्हता. त्या विहिरीशेजारी बसवून आमच्याकडून सुट्टीचा आनंद घोकून घेतात, याचा होता.

माझी आक्काही खडीवर जायची. वडील गेल्यापासून घर आणि माझी शाळा तिच्याच हातोडीवर चालायची. दुपारी मी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घेऊन गेलो की ती निबंध म्हणून दाखवायला लावायची. इंग्रजीत जोराच्या पावसाला ‘कुत्री-मांजरं पडतात’ म्हणतात, हे सांगितलं तेव्हा साऱ्या बाया हसल्या.

“कुत्री-मांजरं कशाला? बैल पाड म्हनावं,” आक्का म्हणाली. “आपले तर घोडेगावच्या बाजारात गेले.”

वडील होते तेव्हा मजुरांच्या सभांची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, आणि खोटं लिहायचं नाही हेही तिथेच शिकलो. सराव परीक्षेत मी एकही होडी पाण्यात सोडली नाही. साध्या इंग्रजीत लिहिलं : ढग आले, गेले. पाऊस आला नाही. माझी बहीण दगड फोडते.

सरांनी शून्य दिलं. “खरं आहे रे,” ते म्हणाले. “पण पेपर तपासणारा कुठला असेल कुणास ठाऊक. त्याला पाऊसच लागतो. नापास झालास तर खडीवर जाशील.”

“जाईन,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात दगडाची कपची उडून आक्काच्या डाव्या डोळ्यात घुसली. नगरच्या दवाखान्यात नेलं, पण डोळा वाचला नाही. पट्टी बांधून ती पुन्हा खडीवर बसली. मी तिच्याकडे हातोडी मागितली. तिने दिली नाही. शून्याचं तिला सरांकडून कळलं होतं.

“तुला पाऊस लिव्हायचाय, त्यो लिव्ह,” ती म्हणाली. “माजा दुसरा डोळा तुज्या खऱ्यापायी घालवू नको.”

मार्चमध्ये तोच निबंध आला. मी छत्र्या उघडल्या, होड्या सोडल्या, शाळेला सुट्टी दिली.

संध्याकाळी आक्का कामावरून आली. केसांत दगडाची भुकटी होती.

“पडला का?”

“पडला.”

“लई?”

“व्हय.”

तिने रिकामा हंडा उचलला आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.