मिळून आला नाही

"सरकारी काम अन् सहा महिने थांब" असं लग्नाच्या पंगतीत कुणी हसत म्हटलं की माझं डोकं सणकतं. समोरच्याच्या तोंडात जिलेबीचा घास असला तरी मी त्याला सुनावल्याशिवाय राहत नाही. घरचे आता पंगतीत माझ्याशेजारी बसायचं टाळतात.

नव्वदच्या दशकात मी नाशिकबाहेरच्या एका कडक बंदोबस्ताच्या सरकारी कारखान्यात, पास शाखेत कारकून होते. आत कामाला येणाऱ्या ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाची आधी पोलीस चौकशी व्हायची. रिपोर्ट चांगला आला की आम्ही पास करायचो. शाखेत मी आणि माझ्या वरच्या बाई, दोघीच. बाई मळेवाल्या घरातल्या. पहाटे भाजी बाजारात रवाना करून ऑफिसला यायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. आवाज चढवायचा विभाग माझ्याकडे होता.

एकदा पेठ तालुक्याकडचा एक वेल्डर आला. तरणा पोरगा, नुकतंच बाळ झालेलं. पास झाला तर वर्षभर आत काम. नाही झाला तर बायको-बाळाला घेऊन परत द्राक्षबागांत मजुरी. त्याचा रिपोर्ट आला, 'राहत्या पत्त्यावर मिळून आला नाही.' पुन्हा चौकशीला पाठवला, पुन्हा तेच. मिळून येईल कसा? तो आमच्याच गेटसमोर बसलेला असायचा! ठेकेदाराचा दंडकच तसा होता: जो गेटवर हजर, त्याची जागा पक्की, जो उठला, तो गेला. पोलीस याला गावात शोधत होते आणि हा पाससाठी इथे उन्हात बसून होता.

फाईल आमच्या वरच्या साहेबांपुढे गेली. मी म्हटलं, "साहेब, खिडकीतून बघा, तो काय समोर बसलाय."

साहेबांनी मानही वर केली नाही. "कागदावर तो सापडत नाही ना? नामंजूर करून टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम मलाही कळत होता. पण गेटवरचा माणूस बघायला नियमाने कुठे मनाई केली होती?

बाई म्हणाल्या, "उद्या ठेवते, साहेब," आणि फाईल उचलून घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. चौकशीचे हवालदार दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या कामाला नाशकात येणार होते. काम आटोपून ते आमच्या गेटवर आले, पण वेल्डर काही उठेना.

"बाई, उठलो तं जागा जाईल माझी. मंग मी काय करू?"

बाई ठेकेदाराकडे वळल्या. "हा पोलिसांबरोबर चाललाय, पळून नाही. त्याची जागा त्याचीच राहील."

ठेकेदाराने मान डोलावली, तेव्हा कुठे पोरगा उठला. हवालदारांनी पोराला एसटीत घातलं, घरापर्यंत नेलं, त्याच्याच ओट्यावर बसवलं. मग पोलीस पाटलाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना रीतसर विचारलं आणि लिहिलं की हा इसम राहत्या पत्त्यावर मिळून आला.

पास झाला. आणि बाईंना मेमो मिळाला. वरिष्ठांना डावलून परस्पर पोलिसांशी संपर्क साधल्याबद्दल त्यांची वेतनवाढ रोखली. सही साहेबांची. मी संतापाने रडले. बाई मेमोचं उत्तर लिहीत बसल्या.

पुढे बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटल्यावर ठेकेदारांनी पास शाखेचा जाहीर सत्कार ठेवला. शाल साहेबांना, श्रीफळ साहेबांना आणि शाखा मागच्या रांगेत! साहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "पेठकडचा एक गरीब वेल्डर होता. त्याचा पास अडला होता. मी स्वतः ठाण्याला फोन केला..."

मी ताडकन उठले. शब्द तोंडात आले होते. बाईंनी माझा पदर धरून मला खाली ओढलं.

"बस गं. माझे पेन्शनचे कागद त्यांच्या टेबलावर आहेत."

मी बसले. सभागृहात टाळ्या वाजल्या आणि सगळ्यांबरोबर बाईंनीही वाजवल्या.

बाईंना पेन्शन मिळाली. आता बाईच राहिल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं काही कुणाच्या सहीवाचून अडायचं नाही. म्हणून त्या दिवशी गिळलेलं वाक्य इथे लिहिते. फोन बाईंनी केला होता.