सशाच्या पायाला ठेवलेले केस

मी निघाले तो रविवार होता. विट्याला आमचं मटणाचं दुकान, आणि अख्खं गाव मटण खातं ते रविवारी. त्यामुळे घरात लग्न असो की कुणी मुलगी परदेशी निघो, रविवारी दुकान बंद राहत नाही. मुंबईच्या विमानतळापर्यंत आई आली, भाऊ आला, शेजारची दोन माणसं विमान बघायला म्हणून आली. आप्पा आले नाहीत. गाडी दुकानासमोर उभी केली तेव्हा गिऱ्हाइकाला थांबवून ते पायरी उतरून खाली आले. हात कोपरापर्यंत धुतलेले होते, तरी माझ्या नव्या साडीला लागू नयेत म्हणून पाठीमागे धरलेले. म्हणाले, "आत्याचं घर आहे, परकं नाही. तरी हात चालव आणि तोंड सांभाळ." तेवढ्यात आतून कुणीतरी खिमा मागितला आणि ते वळले.

आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. लग्न होऊन लीड्सला गेली त्याला तेव्हाच पुष्कळ वर्षं झाली होती. मी आठवीत शाळा सोडलेली, दिसायला बेताची. आत्यानं तिच्या मुलासाठी मला मागून घेतलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. ते उपकार मी आजही विसरलेले नाही, आणि हे पुढचं सगळं वाचताना तुम्हीही विसरू नका. लहानपणी, ती माहेरी आली की, जिला मी 'ए आत्या' म्हणायचे, तिला लग्नानंतर 'तुम्ही' म्हणू लागले, आणि तिथूनच मला तिची थोडी भीती वाटू लागली.

लीड्सचं घर उबदार होतं. हे माझ्यासाठी लिहिते, कारण मला ते आठवावं लागतं. हीटिंग, गालिचा, भरलेला फ्रीज. पण दाराची किल्ली आत्याकडे असायची. तू हरवशील म्हणायची, आणि मला वाटायचं, खरंच हरवेन. पासपोर्ट तिच्या कपाटात, नीट राहावा म्हणून. माझे हे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत शिफ्टला जायचे, आत्या तिच्या मैत्रिणींकडे, आणि मी खिडकीशी उभी राहून समोरच्या घराच्या कचऱ्याच्या बिन्स मोजायची. कुणी बेल वाजवली तर श्वास रोखून उभी राहायची. इंग्लिशमध्ये काय विचारतील, माझ्याच्यानं काय चूक होईल, या धास्तीनं बेल थांबेपर्यंत हलायची नाही.

शनिवारी मात्र हे मला मार्केटला न्यायचे. तिथे एका स्टॉलवर फेझंट पक्षी आणि ससे लटकवलेले असायचे, सशांच्या जोड्या, एकाच्या पायातून दुसऱ्याचा पाय ओवलेला. आसपासच्या शेतांत फास लावून, जाळी टाकून, गोळी घालून धरलेले. पोट साफ करून यायचे, कातडं अंगावरच. स्टॉलवाला ब्रायन गिऱ्हाइकासमोर ससा सोलायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथे थिजल्यासारखी उभी राहिले. बटाटे घ्यायला गेलेले हे परत आले तरी मी तिथेच. ब्रायननं विचारलं, ससा हवाय का. मी माझ्याजवळचं होतं नव्हतं तेवढं इंग्लिश गोळा करून सांगितलं, माय फादर, सेम जॉब. तो हसला नाही. म्हणाला, आमच्या मागच्या खोलीत एक जागा रिकामी आहे, ये सोमवारी.

आत्याला आम्ही सांगितलं, मार्केटमध्ये पॅकिंगचं काम आहे. तसं ते होतंही, थोडंसं.

पहिल्या दिवशी मी ससा बोकडासारखा टांगला आणि कातडं सोडवायला आत मूठ घातली. आप्पांचं शिकवणं तेच, सुरीनं कमी, मुठीनं जास्त. सुरी कातड्याला भोकं पाडते, मूठ नाही पाडत. पण माझी मूठ आणि सशाचं पोट एकाच मापाचं निघालं. कातडं टर्रकन फाटलं आणि मांसभर केसांची लव चिकटली. ब्रायन म्हणाला, "तुझी शेळी नाहीये ती, लव्ह. लेकराच्या अंगातून ओला स्वेटर काढतेस ना, तसं काढ." तिथे कुणालाही लव्हच म्हणतात.

मग कळलं. मागच्या दोन्ही पायांना घोट्याशी गोल चीर द्यायची. बोटं कातड्याखाली सरकवत पाठीपर्यंत न्यायची, इकडून आणि तिकडून, बोटांची टोकं एकमेकांना भेटेपर्यंत. पँटमधून गुडघा काढावा तसा एकेक पाय बाहेर काढायचा. शेपटीशी एक काप. मग कातडं उलटं धरून डोक्याकडे एकाच ओढीत न्यायचं, पुढचे पाय बाहीतून निघतात तसे निघतात, आणि मानेशी शेवटचा काप. एक हात केसाचा, एक हात मांसाचा. त्यांची अदलाबदल करायची नाही, केली की मांसाला लव लागलीच समजा. गार पडलेल्या सशाचं कातडं हट्टी असतं. घाई केली की फाटतं, फार वेळ लावला की बोटं बधिर होतात. महिन्याभरात माझा हात बसला. त्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती, बर्फासारखा गारठा, तरी लीड्समध्ये मला मोकळं वाटायचं ते तिथेच.

एक सवय मात्र सुटली नाही. आमच्याकडे सोललेल्या बोकडाच्या शेपटीला केसांचा झुपका तसाच ठेवतात. गिऱ्हाइकाला दिसावं, की हे बोकडच आहे, दुसरं काही नाही. आप्पा म्हणायचे, "सगळं सोलू नये गं. ओळखीपुरतं ठेवावं." तर माझ्या नकळत सशाच्या एका मागच्या पायाला पंजावर केस राहून जायचे. ब्रायन आधी करवादला, पाय काढ म्हणाला. पण एक म्हातारी गिऱ्हाईक तो पाय बघून थांबली. म्हणाली, माझी आई असा केसाळ पाय असल्याशिवाय ससा घ्यायचीच नाही, सोलल्यावर ससा आणि मांजर सारखंच दिसतं ना. ब्रायन डोकं खाजवत राहिला. त्यानंतर त्यानं पाय काढायला सांगितलं नाही आणि मी पाय ठेवत राहिले.

कधीकधी एखाद्या सशाच्या मानेवर तारेचा वळ असायचा. ब्रायननं सांगितलं होतं, फासात सापडून जो हिसके देतो त्याचा फास आवळत जातो. जो गप्प बसतो तो बऱ्याचदा सकाळी जिवंत सापडतो. मी मान हलवली. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जानेवारीत तिथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. वाण घेता घेता एक डॉक्टरीणबाई आत्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो, तुमच्या सूनबाई मार्केटात ससे सोलतात म्हणे. किती धीट! आम्हाला तर बघवत नाही." बायका हसल्या, वाईट नाही, नुसत्या हसल्या. आत्यानं मंडळात इतकी वर्षं माहेरचा व्यापार आहे एवढंच सांगितलेलं होतं.

घरी आल्यावर तिनं शालू न बदलताच मला समोर बसवलं. "दादानं तुला हे करायला पाठवलं इथं? मी त्या वासातून बाहेर यायला जन्म घालवला, आणि तू माझ्या दारात तो परत आणलास." उद्यापासून जायचं नाही, एवढंच शेवटी म्हणाली. मी हो म्हटलं. यांनी नंतर सांगितलं, आईला दुखवू नको, थोडे दिवस जाऊ दे. मीही तेच म्हटलं स्वतःला. तिच्यामुळे मी इथं आहे, तिचं ऐकायलाच हवं. आणि त्याच वेळी छातीत काहीतरी आवळत चाललं होतं. ती खोली गेली तर माझ्याकडे खिडकी आणि समोरच्या बिन्स, एवढंच उरणार होतं.

ब्रायनला सांगायला गेले तेव्हा मला इंग्लिश सुचेना. मी नुसतं "मदर-इन-लॉ" म्हटलं आणि त्याला पुरेसं झालं. म्हणाला, शेवटचा ससा तुझ्या हातचा तूच घेऊन जा. मी सोलला, कागदात बांधला, घरी आणून ओट्यावर ठेवला. आत्या चहा करत होती. पुडक्याकडे बघून तिनं तोंड वाकडं केलं, पण बांधलेलं तसंच पडू देणं तिच्या स्वभावात नाही. तिनं कागद उलगडला. मी दाराशी उभी, बोलणी खायची तयारी करून.

तिनं एक बोट पुढे केलं आणि त्या पंजावरचे केस उलट्या बाजूनं कुरवाळले.

"दादा अजून ठेवतो शेपटीला झुपका?"

"ठेवतात."

"मी बोकडाचे पाय धरायची त्याच्यासाठी," ती म्हणाली. "माझं लग्न ठरेपर्यंत. सुरीपेक्षा मूठ मार, म्हणायचा." चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला आणि सुरी घेऊन सशाचे तुकडे करू लागली. एकही हाड चुरलं नाही. सांध्यावर बरोबर सुरी. इतकी वर्षं तिनं मटण नेहमी दुकानातून कापूनच आणलं होतं. त्या दिवशी आम्ही विट्याहून आणलेल्या मसाल्यात ससा केला, यांनी दोनदा वाढून घेतला.

जेवणं झाल्यावर भांडी विसळताना तिनं माझा हात धरून उलटा केला. गारठ्यानं बोटांना चिरा पडल्या होत्या. म्हणाली, "सोमवारी जाताना गरम पाण्याची बाटली घेऊन जा. आणि मंडळात बोलू नकोस." थोड्या वेळानं आपल्या पर्समधली दाराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. परत ये वेळेवर, एवढंच म्हणाली.

याला काही वर्षं झाली. मी अजून ब्रायनकडे जाते. पासपोर्ट अजून आत्याच्या कपाटात आहे. मी मागितला नाही, तिनं दिला नाही. बेल वाजली की अजून आधी श्वास रोखून उभी राहते. मंडळाच्या बायकांसमोर आम्ही दोघी अजून व्यापारच म्हणतो. हे लिहिलेलं मात्र मी आत्याला वाचून दाखवलं, आणि 'शालू' शब्दाशी ती म्हणाली, शालू नव्हता, पैठणी होती. बाकी काही काढायला सांगितलं नाही.

गावाकडच्यांना सांगायचं ते एवढंच. फोनवर भाऊ म्हणाला, दुकानात आता सगळं स्वच्छ करून पॅकेटात देतात, शेपटीला केस ठेवले तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. आप्पा एका बाजूला खुर्चीवर बसलेले असतात. मी म्हटलं, त्यांना सांग, इथं ठेवतो आम्ही. आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, तुम्हालाही या देशानं घोट्यापासून मानेपर्यंत सोललं असेल, प्रेमानं, एका ओढीत. घर म्हणजे मला आता विट्याचं दुकान वाटत नाही, लीड्सचा गालिचाही वाटत नाही. ओढ बसताना पंजावर कुठेतरी जे चार केस राहून जातात, घर एवढंसंच असतं. आत्याचं बोट त्यावरून फिरलं होतं, तेवढंच.